संक्षेप आणि त्यांची वही : संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक पाठ

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो. सगरोळी, ता. बिलोली, जि. नांदेड’ एवढेच लिहितो. मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा हे चार शब्द एकेका अक्षरात सामावतात आणि पत्र बिनचूक पोहोचते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘हे. आर.’ आणि ‘पो. ख.’ असे असते. आपल्या मंगलपरिणयाच्या पत्रिकेत नावाआधी ‘आयु.’ छापलेले असते. ही अक्षरे आपल्याला कोणी मुद्दाम शिकविलेली नाहीत. घरात, शाळेत आणि तलाठ्याच्या चावडीवर ती ऐकून-वाचून अंगवळणी पडली.

संक्षेपाचे दोन भाग असतात : एक लघुरूप, दुसरे पूर्णरूप. लघुरूप कागदावर राहते. पूर्णरूप मात्र वाचणाऱ्याच्या स्मरणात असते, आणि ते स्मरण नाहीसे झाले की कागदावरचे अक्षर मुके होते. प्रस्तुत लेखाचा विषय संगणकाशी संबंधित असला, तरी त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे. संगणकावर आपण स्वतः तयार केलेले संक्षेप एका फाइलमध्ये जतन होतात. ते जतन नीट झाले नाही, तर वर्षानुवर्षांचे काम एका क्षणात जाते. ते नीट कसे व्हावे, याचा विचार येथे केला आहे.

जुन्या दप्तरांचा धडा

मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल की, त्यांत संक्षेपांची रेलचेल असते. पहिल्या अक्षरापुढे दोन दंड देऊन शब्द आटोपता घेतला जाई. ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच परंपरेत वाढलेले असल्यामुळे कोणाचे अडत नसे.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या सरकारी कारभारात उर्दू होती, आणि घरगुती व व्यापारी कागदांत मोडी. आज एखाद्या कुटुंबाकडे जमिनीचा किंवा इनामाचा मोडी कागद निघाला, तर तो वाचणारा जाणकार शोधावा लागतो. लिपी शिकता येते, तिची पुस्तके उपलब्ध आहेत. परंतु एका अक्षरामागे दडलेला शब्द ओळखणे हे त्याहून कठीण काम आहे. अक्षर जपले गेले. त्याचा अर्थ सांगणारी यादी मात्र कागदासोबत क्वचितच ठेवली गेली.

पाली वाङ्मयातही संक्षेपाची एक प्राचीन पद्धत आहे. सुत्तांत तोच परिच्छेद पुनःपुन्हा येतो, तेव्हा तो पूर्ण न लिहिता ‘पे’ एवढेच अक्षर देतात. त्यास ‘पेय्याल’ म्हणतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने प्रसिद्ध केलेल्या देवनागरी तिपिटकातही ही खूण पानोपानी दिसते. येथे पूर्णरूप हरवत नाही, कारण ते त्याच ग्रंथात आधी एकदा संपूर्ण दिलेले असते. विस्तार जवळच आणि सर्वांना दिसेल असा ठेवलेला असेल तर संक्षेप शतकानुशतके टिकतो, हे यावरून स्पष्ट होते.

टेक्स्ट एडिटर संक्षेप कसा ओळखतो?

संगणकावर साधा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा जो प्रोग्रॅम असतो, त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. अशांपैकी एक फार जुना आणि आजही वापरात असलेला प्रोग्रॅम म्हणजे ईमॅक्स. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७६ मध्ये त्याचा आरंभ झाला. रिचर्ड स्टॉलमन हे त्याचे प्रमुख रचनाकार. पुढे १९८५ मध्ये त्यांनी तो ‘ग्नू ईमॅक्स’ या नावाने सर्वांसाठी मुक्त केला. मुक्त याचा अर्थ असा की, तो कोणालाही वापरता येतो, त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि तीत सुधारणाही करता येते. बिलोलीच्या विद्यार्थ्यालाही हा अधिकार तितकाच आहे.

ईमॅक्समध्ये आपण सांगून ठेवू शकतो की ‘ग्रापं’ लिहिले की ‘ग्रामपंचायत’ उमटावे, किंवा ‘डॉबाआं’ लिहिले की ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असे पूर्ण नाव यावे. लघुरूप लिहून पुढे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम दिला की प्रोग्रॅम समजतो, शब्द संपला. मग तो आपल्या कोष्टकात ते लघुरूप शोधतो आणि सापडल्यास त्या जागी पूर्णरूप ठेवतो. शब्द संपल्याशिवाय विस्तार होत नाही. म्हणून ‘मु’ या अक्षराचा संक्षेप केला तरी ‘मुलगा’ लिहिताना अडथळा येत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला असा की, जे लघुरूप भाषेत स्वतंत्र शब्द म्हणून येते ते घेऊ नये. ‘बिलोली, नांदेड’ यासाठी ‘बिना’ घेतले, तर ‘बिनाकारण’ सुखरूप राहील, पण नुसते ‘बिना’ लिहिणे अशक्य होईल. दुसरा असा की, एका लघुरूपास एकच विस्तार असावा. पत्रिकेतील ‘आयु.’ हे आयुष्मान की आयुष्मती, हे पुढचे नाव पाहून माणूस ठरवितो. कोष्टकाला ते कळत नाही.

हे कोष्टक प्रोग्रॅम चालू असेपर्यंत संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. संगणक बंद केला की ती स्मृती पुसली जाते. म्हणून कोष्टक फाइलमध्ये उतरवावे लागते आणि पुढच्या वेळी तेथून वाचावे लागते. या फाइलला आपण ‘संक्षेपांची वही’ म्हणू. ईमॅक्सच्या वहीत प्रत्येक नोंदीत लघुरूप, पूर्णरूप आणि तो संक्षेप किती वेळा वापरला गेला त्याचा आकडा लिहिलेला असतो. वही साध्या मजकुराची असते. ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येते, हा तिचा मोठा गुण.

वही लिहिताना होणारे बिघाड व त्यांवरील उपाय

फाइल ‘सेव्ह’ करणे म्हणजे जे आहे ते उतरविणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यात अनेक निर्णय दडलेले असतात. ते क्रमाने पाहू.

१. आधी वाचणे, मग लिहिणे. समजा, वहीत चारशे संक्षेप आहेत. एखाद्या दिवशी काही कारणाने प्रोग्रॅमने वही वाचलीच नाही. कोष्टक रिकामे आहे, पण वापरणाऱ्यास ते ठाऊक नाही. तो एक नवा संक्षेप जोडतो आणि जतन करतो. प्रोग्रॅम कोष्टकात जे आहे तेवढेच वहीत लिहितो. चारशेच्या जागी एक नोंद उरते. प्रोग्रॅमने सांगितले तेच केले, तरी नुकसान व्हायचे ते झालेच. उपाय असा : लिहिण्यापूर्वी जुनी वही वाचली गेली आहे याची प्रोग्रॅमने खात्री करावी, नव्या-जुन्या नोंदी एकत्र कराव्यात, आणि जुनी वही वाचताच आली नाही तर ती पुसून टाकण्यास नकार द्यावा.

२. कोणत्या संकेतात लिहिले ते सांगणे. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हे ज्या नियमाने ठरते त्यास संकेतन म्हणतात. आज सर्वत्र मान्य असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बिलोली’ या शब्दात तीन व्यंजने आणि तीन मात्रा मिळून सहा चिन्हे आहेत, म्हणून तो अठरा बाइट व्यापतो. जुन्या इंग्रजी संकेतनात देवनागरीला जागाच नाही. त्यात वही जतन केली तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते आणि मूळ अक्षर परत मिळत नाही.

ईमॅक्सच्या बाबतीत याचे एक शिकण्यासारखे उदाहरण आहे. पूर्वी तो बहुभाषिक मजकुरासाठी स्वतःचे खास संकेतन वापरीत असे. २००९ मध्ये आलेल्या तेविसाव्या आवृत्तीपासून त्याची अंतर्गत रचना युनिकोडवर आधारली गेली. त्यामुळे नव्या आवृत्तीने आपल्या अंतर्गत संकेतनात लिहिलेली संक्षेपांची वही बाविसाव्या आवृत्तीस वाचता येईना. दोन संगणकांवर दोन आवृत्त्या वापरणाऱ्याची पंचाईत झाली. त्यावर दुरुस्ती करण्यात आली ती अशी : वही नेहमी सर्वमान्य यूटीएफ-८ मध्येच लिहावी. एखादे चिन्ह त्यात बसतच नसेल, तरच अंतर्गत संकेतनाकडे वळावे. आणि कोणतेही संकेतन वापरले तरी त्याचे नाव वहीच्या पहिल्याच ओळीत लिहावे. ती ओळ पाहून पुढचा वाचणारा प्रोग्रॅम आपली रीत ठरवितो. पाकिटावर आधी पत्ता वाचला जातो आणि मगच पत्र फोडले जाते, तसेच हे.

३. नोंदींचा क्रम ठरविणे. कोष्टकातील नोंदी स्मृतीत विस्कळीत असतात. त्या तशाच उतरविल्या, तर आशय तोच असूनही वहीचे रूप दरवेळी बदलते. घरच्या आणि कार्यालयाच्या संगणकांवरील दोन वह्या ताडून पाहायच्या झाल्या, तर नेमके काय बदलले ते समजत नाही. म्हणून ईमॅक्स कोष्टके नावांच्या क्रमाने लावून मगच लिहितो. ‘वापरकर्त्याकडे वहीच्या थोड्याफार निराळ्या प्रती असल्या तर त्यांचे एकत्रीकरण सोपे व्हावे,’ अशा आशयाचे कारणही रचनाकारांनी आज्ञावलीत नोंदवून ठेवले आहे. काम करून थांबावे असे नाही, ते का केले हेही लिहून ठेवावे, ही त्यांची सवय अनुकरणीय आहे.

४. आपले आणि दिलेले वेगळे ठेवणे. काही संक्षेप प्रोग्रॅमसोबतच येतात, काही आपण जोडतो. दोन्ही एकाच वहीत मिसळले, तर पुढे प्रोग्रॅम सुधारून नवा आला तरी वहीतील जुनीच रूपे पुढे येत राहतात. म्हणून सोबत आलेल्या नोंदींवर तशी खूण असते आणि जतन करताना त्या वगळल्या जातात. वहीत केवळ वापरकर्त्याची स्वतःची भर असते.

५. विस्तारातील खास चिन्हे सांभाळणे. वहीत पूर्णरूप अवतरणचिन्हांत लिहिले जाते. पूर्णरूपातच अवतरणचिन्ह आले, तर नोंद कोठे संपली हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही आणि पुढील साऱ्या नोंदी बिघडतात. यासाठी आतील चिन्हापूर्वी एक तिरपी रेघ देतात. ‘हे चिन्ह मजकुरातील आहे’ असा तिचा अर्थ. एका ओळीहून मोठ्या विस्ताराची, उदाहरणार्थ तीन ओळींच्या पत्त्याची, अशीच काळजी घ्यावी लागते.

६. अर्धवट लेखनापासून बचाव. वही लिहिली जात असतानाच वीज गेली, तर जुनी पुसलेली आणि नवी अर्धी अशी स्थिती होते. आपल्या भागात ही कल्पना मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. उपाय साधा आहे. नवी वही आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी, ती डिस्कवर पोहोचली याची खात्री करावी आणि मग तिला जुन्या वहीचे नाव द्यावे. नाव बदलण्याची क्रिया एकदम होते, मध्ये थांबत नाही. त्यामुळे कोणत्याही क्षणी एक तरी संपूर्ण वही हाती राहते.

७. पुन्हा वाचून ताडणे. परंपरा सांगते की, तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भिक्खू एकत्र आले. उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला, आणि संघाने तो एकत्र म्हणून निश्चित केला. संगायन या शब्दाचा अर्थच ‘एकत्र म्हणणे’ असा आहे. स्मरणात ठेवलेले पुन्हा म्हणून ताडून पाहिले तेव्हाच ते जतन झाले, असे मानले गेले. फाइलचेही तसेच आहे. लिहिलेली वही लगेच वाचावी आणि कोष्टकाशी ताडावी. दोन्ही तंतोतंत जुळली तरच जतन यशस्वी झाले असे समजावे. नवीन प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही चाचणी कधीही टाळू नये.

मराठीच्या खास अडचणी

वरील सात गोष्टी कोणत्याही भाषेस लागू आहेत. मराठीपुरत्या आणखी दोन आहेत.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिला गुरूंसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह आणि हलन्त येतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु साठविलेले अंक निराळे असतात. जतन करताना एखाद्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, तर आचाऱ्यांचे आचार्य होतात.

तीच गोष्ट ‘ॲड.’ या संक्षेपाची. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत, आणि आजही काही कीबोर्डांवर तसेच लिहिले जाते. वहीत एक रूप असेल आणि बोटांनी दुसरे लिहिले, तर डोळ्यांना संक्षेप बरोबर दिसतो, पण विस्तार होत नाही. युनिकोडच्या सर्वसाधारण एकरूपीकरणाच्या नियमांनी ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणून मराठीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शोधताना दोन्ही रूपे समान मानण्याची तजवीज स्वतः करावी. विस्ताराचा मजकूर मात्र वापरकर्त्याने जसा लिहिला तसाच, एकही चिन्ह न बदलता, जतन करावा.

आपल्या टेबलावरील संगणकाविषयी

आपले अनेक माजी विद्यार्थी सेवा केंद्रे चालवितात, न्यायालयाच्या आवारात टंकलेखन करतात, छपाईची कामे घेतात, शाळांतून लिपिक आहेत. त्यांच्यापैकी थोडेच ईमॅक्स वापरीत असतील. तथापि वर्ड आणि लिब्रेऑफिस यांतही आपोआप दुरुस्तीची सोय आहे आणि तिच्यात स्वतःचे संक्षेप घालता येतात. त्यांची वही कोठे असते हे माहीत असणे पोटापाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

वर्डमध्ये साध्या मजकुराचे संक्षेप भाषेनिहाय वेगळ्या फाइलमध्ये जातात. फाइलच्या नावात भाषेचा क्रमांक असतो : अमेरिकन इंग्रजीसाठी १०३३, मराठीसाठी ११०२. मजकुराची भाषा इंग्रजी ठेवून मराठी संक्षेप जोडले, तर ते इंग्रजीच्या वहीत जातात. पुढे भाषा मराठी केली की ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात. खरे तर ते दुसऱ्या वहीत असतात. लिब्रेऑफिसमध्येही प्रत्येक भाषेची वेगळी फाइल असते. ती एक गुंडाळलेली पेटी असून तिच्या आत साध्या मजकुराची यादी ठेवलेली असते.

या फाइली वापरकर्त्याच्या खाजगी फोल्डरमध्ये, सहसा नजरेआड असतात. दुरुस्तीसाठी संगणक दिला आणि त्याने तो पुसून नव्याने भरला, तर आपली पत्रे आणि छायाचित्रे आपण आठवणीने काढून घेतो, पण ही वही राहून जाते. प्रोग्रॅम पुन्हा भरता येतो. पंधरा वर्षांत जमविलेली गावांची नावे, कार्यालयांचे पत्ते आणि अर्जांचे मायने कोणी भरून देत नाही.

ज्यांच्याकडे आकृती किंवा श्री-लिपी यांच्या जुन्या फॉन्टमधील काम आहे, त्यांनी अधिक सावध असावे. त्या काळच्या फाइलींत साठविलेले अंक देवनागरीचे नसून इंग्रजी अक्षरांचे असतात, फॉन्ट त्यांना केवळ मराठी आकार देतो. फॉन्ट गेला की उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची ओळ. मोडी कागदावरील ‘प॥’ वाचणारा जसा आज शोधावा लागतो, तशीच ही स्थिती. असे संक्षेप वेळीच युनिकोडमध्ये आणावेत.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी व इच्छुक वाचकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

(१) आपण रोज लिहितो अशा वीस शब्दांची वा पत्त्यांची यादी करावी आणि प्रत्येकास असे लघुरूप द्यावे की जे मराठीत स्वतंत्र शब्द नाही.

(२) ती यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यूटीएफ-८ संकेतनात, एका ओळीत एक नोंद या पद्धतीने, अकारविल्हे लिहावी. वर पहिल्या ओळीत यादी कशाची आणि कोणत्या दिवसाची ते नमूद करावे.

(३) ‘आचाऱ्यांना’ आणि ‘ॲड.’ हे दोन शब्द त्यात अवश्य घालावेत. फाइल बंद करून दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि ते जसेच्या तसे आले का ते पाहावे.

(४) यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर छापून ठेवावी. कागदाला वीज लागत नाही.

(५) आपल्या जागी उद्या दुसरी व्यक्ती कामाला येणार असेल, तर ही यादी तिच्या हाती द्यावी. आपण लिहिलेली लघुरूपे तिला वाचता आली, तर आपले जतन नीट झाले.